गाडी मागं घेताना

लातूर,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आक्का,

शरणार्थ.

सुदर्शनला फोन केला की तो म्हणतो, "मामा, आई मजेत आहे." त्याची आई तापानं फणफणली तरी पोरगा हेच म्हणणार. तुला फोनवर ऐकू येत नाही, कानाचं मशीन तू डब्यात घालून ठेवलंस, आणि मोबाईलवर लिहावं तर तुझ्याआधी तुझी सून वाचती. म्हणून आपला हा पोस्टाचा कारभारच बरा.

मी लई वैतागलोय. सोसायटीचा चेअरमन होणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, हे तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. आता भोगून राहिलो.

आमच्या बिल्डिंगच्या मागची बाग तुला आठवत असेल. बाग कसली, दोनचार तगरीची झाडं आणि एक कट्टा. आमच्या वास्तुशांतीला तू त्या कट्ट्यावर जाऊन बसलीस ती जेवायलाही वर येईनास, शिल्पा बोलावून बोलावून थकली. तर ती बाग या वर्षी ठराव करून काढली. गाड्या वाढल्या, रस्त्यावर लावल्या की पोरं ओरखडे काढतात. ब्लॉक बसवले, जागा आखल्या, चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी निघाली ती नेमकी कट्ट्याच्या जागेची. रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली गाडी, तिला सावली मिळाली. मी खूश.

पण माणिकप्पाचं डोकं फिरलंय. तुमचा जुना घरमालक गं, दाजी लातूरला नोकरीला होते तेव्हा ज्याच्या शेतातल्या खोल्यांत तुम्ही राहत होता तो. त्याच्याच शेतावर ही बिल्डिंग झाली आणि जमिनीच्या बदल्यात त्याला खालचा फ्लॅट मिळाला. बायको चतुराबाई गेल्यापासून एकटाच असतो. बागेच्या ठरावाला सगळ्यांत तो एकटा उठला, "बाग काढायची न्हाई" म्हणाला. का, विचारलं तर तोंडाला कुलूप. आता रोज सकाळी आंघोळ करून ओल्या पंच्यानं येतो आणि माझ्या गाडीच्या मागं तांब्याभर पाणी ओततो, राख टाकतो, बेलाचं पान ठेवतो. मध्ये चाकातली हवासुद्धा सोडली. जाब विचारला तर एवढंच, "गाडी काढ, रामलिंग." शिल्पा म्हणती ही करणी हाय. मी गणिताचा मास्तर, मी असलं मानत नाही. पण बाकीचे सभासद मानतात आणि मीही त्यांना नाही म्हटलं नाही.

आणखी एक गंमत. नव्या गाडीला मागं सेन्सर असतो. मागं घेताना काही आडवं आलं की बीप बीप करतो, आणि पुढच्या पडद्यावर मागचं सगळं दिसतं. त्या जागेत गाडी घेतली की तो वाजतो. पडद्यावर काही नाही. उतरून बघावं तर मागं काही नाही. दुसरीकडं कुठं वाजत नाही. त्या राखेनंच बिघडला असणार.

मशीन कानात घाल. दह्यातलं खाऊ नको.

तुझा,
रामू


नांदेड,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. रामू,

अनेक आशीर्वाद. शिल्पालाही.

पत्र वाचलं आणि आधी राग आला. माणिकप्पाअण्णांना अरे-तुरे लिहितोस? तू औरंगाबादहून सुट्टीला यायचास तेव्हा त्यांच्याच विहिरीत बेडकासारखा पडून असायचास, अन् वर चतुराबाईच्या हातची धपाटी खायचास. माणसानं खाल्ल्या घराचे वासे मोजू नयेत.

ती राख नसेल रे. विभूती असेल. लिंगायताच्या लेकराला राख अन् विभूती ओळखू येईना म्हणजे धन्य झाली तुझ्या मास्तरकीची.

गाडी दुसरीकडं लाव. माझं एवढं ऐक.

अन् सहज विचारते, ती विहीर बुजवली ना? तुझ्या गाडीची जागा विहिरीच्या कोणत्या अंगाला येती? लिंबाच्या झाडाकडून, का रस्त्याकडून? आणि तुझ्या त्या सेन्सरला केवढ्या उंचीचं माणूस कळतं? सुदर्शनला विचारलं तर तो हसला, म्हणाला आई, तुला आता गाडी शिकायची का.

लवकर कळव. मी वाट बघून राहिले.

तुझी,
आक्का


लातूर,
९ डिसेंबर २०२४

ती. आक्का,

शरणार्थ.

तुझ्या चौकशा मोठ्या गमतीच्या. विहिरीच्या जागी आता पाण्याची टाकी आहे. लिंब कधीच तोडला. माझी गाडी बरोबर लिंबाच्या अंगाला येती, अगदी बुडाशी म्हण. आणि सेन्सरला माणसाच्या गुडघ्याएवढं काहीही कळतं. कुत्रं, कुंडी, लेकरू. झालं समाधान?

आता गंमत संपली. ऐक.

त्या जागेतले ब्लॉक खचतात. सगळे नाही, मधलेच, परातीएवढ्या गोल आकारात. दोनदा सारखे करून घेतले, दोनदा खचले. म्हणून आमचा सेक्रेटरी महांतेश माणूस घेऊन ब्लॉक उचकटायला गेला. खालची माती कुदळीनं काढून खडी भरू म्हणाला. कुदळ उचलली मात्र, माणिकप्पा घरातून धावत आला आणि महांतेशला असं ढकललं की तो कठड्यावर पडला. मनगट मोडलं. हाताला प्लास्टर घातलंय.

आता दया-माया बस. कमिटीनं ठरवलंय, त्याला संस्थेतून काढायचं. गैरवर्तन, संस्थेच्या मालमत्तेची नासधूस, मारहाण. रीतसर नोटीस, मग सभा, हजर सभासदांतल्या पाऊण लोकांनी हात वर केले की ठराव उपनिबंधकाकडं मंजुरीला. ती आली की सभासदत्व गेलं आणि फ्लॅटही सोडायचा.

तू म्हणशील म्हातारा माणूस, जमिनीत जीव अडकलाय. अगं, जमीन त्यानं स्वतः सही करून दिली! जीव सगळ्यांचाच अडकतो. शिरूर अनंतपाळला तुझ्या सासरच्या शेतात आपली सुकी पुरलेली आहे, तू कधी तिथं जाऊन असा तमाशा केलास? चाळीस वर्षांत एकदा गेली नाहीस. तो तर काही नसलेल्या जागेवर पाणी घालतोय.

गाडी गॅरेजला दाखवली. आसिफ म्हणून चांगला माणूस आहे, सगळं उघडून पाहिलं. म्हणाला, "सर, गाडी में कुच नै. जगा बदल को देखो." आता तोही तुझ्याच पार्टीचा.

तुझा,
रामू


नांदेड,
२० डिसेंबर २०२४

चि. रामू,

आशीर्वाद.

तू सुकीचं नाव लिहिलंस. या घरात ते नाव कोणी घेत नाही. सुदर्शन तिच्यानंतरचा, त्याला नीट माहीतही नाही. मी ते पत्र पदराखाली धरून देवघरात जाऊन बसले.

तुला तिची खोड आठवती का रे? मागून गुपचूप यायची अन् धरायची. पदर, धोतर, जे हाताला लागेल ते. मी चुलीपुढून उठले की आधी मागं बघावं लागायचं. दाजी कामावर निघाले की ती सायकलच्या मागं जाऊन कॅरिअर धरून उभी. त्यांनी सायकल मागं घेण्याआधी वळून बघायचं अन् म्हणायचं, "सर गं बाजूला, सुके." तेवढं म्हटल्याशिवाय सरायची नाही. म्हटलं की खिदळत पळायची. ती गेल्यावरही ते कितीतरी दिवस सायकल काढताना मागं बघायचे अन् तसंच म्हणायचे. मी दारातून बघायची. माझ्याशी त्यावर कधी बोलले नाहीत.

अण्णांना काढू नको. कारण विचारू नको. मी तुझ्याकडं आजवर काही मागितलं नाही.

आक्का


लातूर,
६ जानेवारी २०२५

ती. आक्का,

शरणार्थ.

सुदर्शनचा फोन होता. तू जेवण टाकलंयस म्हणे. दिवसभर खिडकीत बसून असतीस. कशासाठी? त्या माणसासाठी? की त्याची करणी मला बाधेल म्हणून तुझा जीव खालीवर होतोय? मला काही होत नाही. मी ठणठणीत आहे.

नोटीस गेल्या महिन्यातच लागू झाली. मी स्वतः महांतेशला घेऊन दारावर गेलो. माणिकप्पानं नोटीस घेतली, चष्मा नसल्यामुळं उलटी धरली आणि म्हणाला, "बस की रामलिंग, चहा पिऊन जा." मी नाही बसलो. लेखी खुलासा द्यायला महिना दिलाय, अजून एक ओळ आली नाही. माणूस एवढा हट्टी, की घर चाललंय तरी तोंड उघडत नाही. १९ तारखेला रविवारी सभा आहे. हात मोजून ठेवलेत असं समज.

तुला खोटं कशाला सांगू, मलाही त्या जागेत बरं वाटत नाही. शिल्पा आता गेटवरच उतरती. मी एकटा गाडी आत घेतो. गिअर मागं टाकला की सुरू, आधी सावकाश, मग जवळ जवळ, मग एकसारखं, म्हणजे अगदी गाडीला टेकून कुणी उभं आहे असं. पडद्यावर रिकामे ब्लॉक. मान वळवून बघतो, आरशात बघतो. परवा मी उतरून मागं हात फिरवून पाहिला, हवेत! समोरच्या गॅलरीतून जोशीकाकू बघत होत्या. मला माझीच लाज वाटली. हे सगळं त्या म्हाताऱ्यानं केलंय. तो गेला की थांबेल.

तू सुकीचं लिहिलंस ते वाचलं. मला तिची खोड आठवती. माझ्या पँटीला धरून लोंबकळायची. पण आक्का, त्याचा इथं काय संबंध? जेव बाई नीट.

रामू


नांदेड,
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. रामू,

आशीर्वाद.

आज बायका वाणाला येऊन गेल्या. तिळगूळ दिला, गोड बोलले. आता तुला गोड नाही ते लिहायला बसले आहे.

सुकी शिरूरला नाही. ती अण्णांच्या शेतात आहे. लिंबाच्या बुडाशी.

तू शिकायला होतास. पाऊस लागला होता, घरणी नदीला पूर, शिरूरच्या एसट्या बंद. ताप चढला अन् उतरलाच नाही. आपल्यात ज्याला त्याला आपल्या शेतात ठेवतात, अन् आमचं शेत पुराच्या पलीकडं. दाजी भिंतीला टेकून बसलेले, त्यांना काही सुचेना. तेव्हा अण्णांनी लिंबाखाली खड्डा घेतला. चतुराबाईनं तिला न्हाऊ घातलं, विभूती लावली, गळ्यातलं लिंग हातावर ठेवलं. आपल्या रीतीनं खड्ड्यात बसवली तिला. बसवायला जागा ती केवढी लागणार रे तिला? परातीएवढी.

दाजींना त्याची फार लाज वाटली. स्वतःचं शेत असून लेकरू दुसऱ्याच्या बांधाला. म्हणून सासरी सांगितलं, लातूरच्या रुद्रभूमीत ठेवली. माहेरी सांगितलं, शिरूरला नेली. अण्णांना मी म्हटलं, कुणाला कळू देऊ नका, माझ्या भावालासुद्धा. त्यांनी विभूतीच्या हातानं शब्द दिला. आमची बदली नांदेडला झाली. पाणी घालायचं ते घालत राहिले.

मग जमीन गेली. बिल्डर म्हणाला, शेतात समाधी-बिमाधी असेल तर काढून घ्या, लोक फ्लॅट घेत नाहीत. अण्णा म्हणाले, काही नाही. अन् करारात तेवढी बाग मागून घेतली. तू फ्लॅट बघत होतास तेव्हा तिथंच घे, तिथंच घे म्हणून मी तुझ्या मागं लागले होते, आठवतं? तुला वाटलं, आक्काला जुन्या जागेची माया. मला वाटलं, आपल्या रक्ताचं कुणी तिच्याजवळ असावं. तुला सांगितलं असतं तर शिल्पा त्या घरात पाय ठेवती का?

आता समजलं का अण्णा का बोलत नाहीत? बोलले तर तुम्ही लोक खणून काढाल. अन् नाही बोलले तर घर जातं, मग तिला बघणारं कुणी राहत नाही. त्यांनी घर सोडायचं ठरवलंय, शब्द नाही.

हे मोबाईलवर कसं लिहू? सुनेच्या हातून कसं पाठवू? पोस्टात मी स्वतः टाकणार आहे. रविवारच्या आत तुला मिळू दे, एवढंच मागते.

रामू, ती अजून मागून येऊन धरती रे. तुला कळलं नाही, पण तुझ्या गाडीला कळलं.

आक्का


लातूर,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

शरणार्थ. पत्राला एवढा उशीर केला. हात चालेना.

तुझं पत्र सभेच्या दुसऱ्या दिवशी मिळालं.

सभा बिल्डिंगच्या मागंच घेतली होती, गाड्या बाहेर काढून, खुर्च्या मांडून. अण्णांना बोलायची संधी दिली. ते उठले. म्हणाले, "मला काढा. पन त्या जागंवर गाडी लावू नगा." लोक हसले. मीही हसलो, आक्का. मग हात वर झाले. पाऊण काय, त्याहून जास्त. मी माझा हात सगळ्यांत आधी वर केला होता. आणि माझी खुर्ची कुठं होती सांगू? बरोबर तिच्यावर. मी तिच्यावर बसून तिच्या राखणदाराला घराबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. मी पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथंच बसलो. मग खाली गेलो. अण्णांनी भांडी गोणपाटात बांधून ठेवली होती. चतुराबाईचा फोटो सगळ्यात वर. मी काही बोलायच्या आत रडायला लागलो. ते म्हणाले, "आक्कानं सांगितलं का?" मी मान हलवली. म्हणाले, "मंग बरं झालं. माझा शब्द माझ्यापाशी राहिला." मी विचारलं, अण्णा, मला तरी एका बाजूला घेऊन सांगायचं की. तर म्हणाले, "तुलाच सांगायचं न्हाई असा शब्द होता, बाबा. अन् तू चहाला बी बसला न्हाईस." त्या दिवशी मी बसलो. दोन कप प्यालो.

ठरावाचे कागद मी पुढं पाठवलेच नाहीत. ९ तारखेला परत सभा बोलावली. ठराव मागं घ्या म्हटलं. तर महांतेश मनगट दाखवून म्हणाला, "मग माझ्या हाताचं काय?" त्याचंही खरंच होतं. अण्णांनी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेऊन माफी मागितली. तो जरा निवळला. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, चेअरमन साहेबच सांगत होते करणी केली म्हणून. आधी ब्लॉक काढा, खाली काय पुरलंय ते बघू, मग बोलू. दोघंतिघं उठलेसुद्धा. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आक्का, हा करणीचा वणवा मीच पेटवलेला.

मी गळ्यातलं लिंग काढून हातावर घेतलं आणि म्हणालो, मी स्वतः खणून बघितलंय. खाली काही नाही. नुसती माती आहे. करणी-बिरणी मीच उठवली, माझा डोळा त्या जागेवर होता म्हणून. माझी जागा मी परत करतो, बाग पूर्वीसारखी करा, खर्च माझा.

लिंग हातात घेऊन खोटं बोललो. 'खाली काही नाही' म्हणालो. तिनं ऐकलं असेल का गं?

ठराव मागं घेतला गेला. मला चेअरमनकीवरून उतरवलं, ते बरंच झालं. जोशीकाकू आता माझ्याकडं बघून दार लावतात. तगरीची रोपं आणली आहेत. कट्टा होईपर्यंत ब्लॉक तसेच आहेत, पण तिथं कुणी गाडी लावत नाही. मी रस्त्यावर लावतो. ओरखडे पडतात, पडू दे. सकाळी अण्णा पाणी घालतात तेव्हा मी विभूतीची डबी धरून उभा असतो. रस्त्यावर गाडी मागं घेतो तेव्हा काही वाजत नाही. तरी मी उतरून मागं बघतो.

तू मला माफ कर.

रामू


नांदेड,
२६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र

चि. रामू,

आशीर्वाद.

वेडा आहेस. तुझ्या खोट्यानं ती जागची हलली नाही, मग ते खोटं तुझ्या देवाला चालतं. अण्णांचे पाय धरलेस ना? बस.

मला लातूरला यायचं आहे. सुदर्शन आणून सोडेल अन् न्यायला येईल. रोपं लावायच्या आधी यायचं आहे. एक काम आहे, हसू नको.

तुझी गाडी एकदा त्या जागेत घे. मला तुझ्या शेजारी बसव अन् एकदाच हळूच मागं घे. मला ते ऐकू येणार नाही, मशीन घातलं तरी बारीक आवाज कळत नाही. तू ऐक अन् मला सांग. तेवढ्यासाठी येते.

आक्का


लातूर,
१९ मार्च २०२५

ती. आक्का,

शरणार्थ.

तू सुखरूप पोचल्याचं सुदर्शननं कळवलं. तू गेल्यावर घर खायला उठलंय. शिल्पाला सगळं सांगितलं. मला वाटलं माहेरी निघून जाईल. ती खाली गेली आणि रोपांना पाणी घालून आली.

आता एक सांगतो. समोरासमोर सांगायची छाती झाली नाही.

त्या सकाळी तू माझ्या शेजारी बसलीस. हिरवं लुगडं, कानात मशीन. अण्णा कठड्याला धरून उभे. मी गिअर मागं टाकला आणि हळूहळू गाडी घेतली, पार शेवटपर्यंत. तू डॅशबोर्डावर हात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत होतीस. विचारलंस, "वाजलं का?" मी मान हलवली. तू डोळे मिटून घेतलेस, किती वेळ तशीच बसलीस.

आक्का, वाजलं नव्हतं. इतके महिने एकदाही चुकला नाही तो, आणि त्या दिवशी गप्प. मी नंतर तुला वर पाठवून परत घेतली, परत घेतली. काही नाही. तू गेल्यावर काल रोपं लावायच्या आधी शेवटचं बघितलं. काही नाही.

अण्णांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "आई पुढं बसल्यावर पोर मागं कशाला हुबी राहील?"

तुला खोटी मान हलवली, त्याचं मला लागलंय. म्हणून लिहिलं.

रामू


नांदेड,
३० मार्च २०२५, पाडवा

चि. रामू,

आशीर्वाद. नवीन वर्ष सुखाचं जावो. अण्णांना माझा शरणार्थ सांग, त्यांना पुरणपोळी नेऊन दे.

मान हलवलीस ती खोटी होती, हे मला तिथंच कळलं होतं. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. बोलले नाही, कारण मला गाडीत बसल्या बसल्या बरं वाटत होतं. मांडीवर जड वाटत होतं.

आता ऐक. लातूरहून आल्यापासून सुदर्शन कुरकुर करून राहिलाय. माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगतो, आई, गाडी मागं घेताना सेन्सर वाजतो अन् मागं काही नसतं. तुला सोडायला गेलो तेव्हा ठीक होतं, घेऊन आलो तेव्हापासून. गॅरेजला टाकतो म्हणाला. मी म्हटलं, टाकू नको. नुसतं उतरून बघत जा.

त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. सुकीचं नाही, सायकलीचं नाही. आज गुढी उभारल्यावर सांगावं म्हणून मनाशी ठरवलं होतं. सकाळी तो साखरेच्या गाठी आणायला निघाला. मी खिडकीत होते. तो गाडीत बसला, परत उतरला, मागं गेला, अन् उभा राहिला. खाली बघत होता, गुडघ्याएवढ्या उंचीकडं. अन् त्याचे ओठ हलले.

काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण ते ओठ मी ओळखते रे. दारात उभी राहून मी ते रोज बघायची.

आक्का